पेठेतलं बिऱ्हाड जुळे सोलापुरात: एका घरबदलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या एका जुन्या पेठेतलं हे घर. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, मधे लहानसं अंगण आणि अंगणाच्या कडेला पाण्याचा हौद. राहायला पाच माणसं. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मुलगा चादरी-टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघतो, सून शाळेत शिकवते, नात बारावीला आणि नातू आठवीत. या कुटुंबाशी माझे जुने संबंध आहेत. घर हलवायचं ठरल्यापासून नव्या घरात सगळं मार्गी लागेपर्यंत मी त्यांच्यासोबत होतो.

माळवदाच्या घराला दर पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकून चोपावी लागते. हे काम जाणणारी माणसं आता सहज मिळत नाहीत. आदल्या पावसात पाणी मुरलं, मागची भिंत फुगली आणि एका खोलीत जाणं बंद करावं लागलं. भावकीत बोलणी होऊन घर उतरवायचं ठरलं. जुळे सोलापुरात, म्हणजे शहराच्या नव्या वस्तीत, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतलेला होताच, डिसेंबरात त्याचा ताबा मिळाला. म्हणजे मुदत निसर्गानंच घालून दिली होती: जूनच्या पावसाआधी पेठेतलं घर रिकामं व्हायला हवं.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला या घरी गावाकडचे पाहुणे उतरतात. त्यामुळे संक्रांत उलटेपर्यंत कुणी विषयच काढला नाही. तो काढला गेला तेव्हा हाताशी साधारण चार महिने होते आणि पन्नास वर्षांचं सामान होतं.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या बैठकीत सगळे खोक्यांवर बोलत होते. खोकी किती लागतील, टेम्पो कोणता करायचा, पॅकर्सना बोलवायचं का. मुलाने वहीत खोलीवार सामानाची यादीही सुरू केली होती. यादी चांगली होती, पण खरा गुंता तिच्यात उतरत नव्हता.

गुंता असा होता. नातीची बारावीची परीक्षा मार्चच्या मध्यापर्यंत चालणार होती. नातवाची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये होती. आजींना रात्री दोनदा उठावं लागतं आणि जुन्या घरात त्या अंधारातही भिंतीला हात लावत न्हाणीपर्यंत जातात. नव्या घरात त्यांच्या हाताला ओळखीची भिंत नसणार. सुनेला शाळेतून सलग रजा मिळणं कठीण होतं. आणि या सगळ्यावर सोलापूरचं पाणी. उजनीहून येवो, टाकळीहून येवो की हिप्परग्याच्या तलावातून, नळाला ते रोज येत नाही. काही दिवसांच्या अंतराने प्रत्येक भागाची पाळी येते आणि पेठेची पाळी व जुळे सोलापूरची पाळी एकाच दिवशी असेलच असं नाही.

म्हणून मी एवढंच सुचवलं, की सामानाची यादी बाजूला ठेवू आणि आधी माणसांची करू. कोण कोणत्या रात्री कुठे झोपणार, त्या रात्री त्याला काय काय लागणार आणि पाणी कुठून येणार, हे आधी लिहू. सामानाचा क्रम त्यातून आपोआप निघेल. पुढे या घराने जे निर्णय नीट घेतले ते सगळे या यादीतून आले. जिथे चुकलं तिथे यादी सोडून घाई झाली होती.

तारखेचे पर्याय

तीन पर्याय समोर होते.

पहिला फेब्रुवारीचा. ऊन बेताचं आणि टेम्पोही सहज मिळतात. पण नातीची परीक्षा तोंडावर. हा पर्याय आजींनीच एका वाक्यात बाद केला.

दुसरा मे महिन्याचा. दोघा मुलांच्या परीक्षा संपलेल्या, सुनेला सुट्टी. मुलाचा कल इकडे होता. पण मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात असतो. चौथ्या मजल्यावर सामान चढवणाऱ्या हमालांचं काय होईल आणि त्या उन्हात आजींना कुठे बसवायचं? शिवाय काही अडलं तर पुढे पाऊसच उभा होता. हाताशी मोकळे दिवस राहात नव्हते.

तिसरा मार्चच्या अखेरचा, पाडव्याच्या आसपासचा. नातीची परीक्षा संपलेली, नातवाची अजून व्हायची. ऊन वाढलेलं, पण सकाळी अकरापर्यंत काम करता येण्याजोगं. या पर्यायाच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण सुनेला सुचलं आणि ते सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्यालाच सुचावं असं होतं. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी फेब्रुवारी-मार्चची. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी या घरात वर्षाची एकदम भरतात. पोती एकदा पेठेतल्या घरात येऊन पडली की तीच महिन्याभरात पुन्हा उचलायची. लोणच्याचंही तसंच. चिनी मातीच्या बरण्या मार्चमध्ये तळाला आलेल्या असतात, जूनमध्ये पुन्हा भरतात. पापड-कुरडयांचं वाळवण एप्रिलमध्ये. म्हणजे वर्षभरात हे घर सगळ्यात हलकं असतं ते मार्चच्या शेवटी. बेगमी संपत आलेली आणि नवी अजून भरलेली नाही.

मार्चची अखेर ठरली. नातवाने परीक्षा होईपर्यंत नव्या घरातून रिक्षाने जुन्या शाळेत जावं, एवढी तडजोड झाली.

पाडव्याचा मुहूर्त आणि आजींचा प्रश्न

आजींची एकच अट होती, नव्या घरात दूध उतू घालायचं ते पाडव्याला. मुलाला वाटलं, मग सामानही त्याच दिवशी हलवू, म्हणजे एकाच दिवसात सगळं उरकेल.

यावर बरीच चर्चा झाली. पाडव्याला हमाल मिळणं अवघड, मिळाले तरी सणाचा दिवस त्यांनाही घरी हवा असतो. गुढी, पूजा, पाहुणे आणि त्यातच कपाटं उतरवणं, यात कुणाचंच धड झालं नसतं. तेव्हा मुहूर्ताचा दिवस आणि टेम्पोचा दिवस वेगळे करायचं ठरलं. पाडव्याला देव, कलश, दूध आणि गुढी. जड सामान पाडवा धरून तिसऱ्या दिवशी, कारण मधल्या दिवशी जुळे सोलापूरच्या त्या भागाची पाण्याची पाळी होती. सुनेने आधीच्या दोन पाळ्या शेजाऱ्यांकडून विचारून कॅलेंडरवर मांडल्या होत्या. टाकी भरलेली असताना सामान न्यायचं, असा हिशेब होता.

सगळं जमल्यासारखं वाटत असताना आजींनी विचारलं, ‘देव पाडव्यालाच गेल्यावर त्या दोन रात्री मी इथं कुणापाशी झोपू?’

मुलगा समजूत घालायला लागला, दोनच तर रात्री आहेत, वगैरे. पण नातीने तो प्रश्न जसाच्या तसा यादीत लिहिला आणि यादीच बदलली. देवांबरोबर आजीही पाडव्यालाच जाणार आणि सोबत नात. म्हणजे आजींची खोली आधी लागणार. या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण मला हेच वाटतं. ‘म्हाताऱ्या माणसाला शेवटी, सगळं लागल्यावर न्यायचं’ असा आपला सर्वसाधारण समज असतो. त्यामागे काळजी असते हे खरं. पण त्यामुळे ते माणूस उघड्या-बोडक्या झालेल्या घरात, खोक्यांच्या गराड्यात, ओळखीची एकेक वस्तू जाताना बघत बसतं. इथे आजी भरल्या घरातून निघाल्या आणि स्वतःच्या लागलेल्या खोलीत पोचल्या.

खोली लावताना पलंग जुन्या घरात होता तसाच ठेवला: उठल्यावर उजव्या हाताला भिंत, पायांकडे दार. न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला, पायपुसणी काढून टाकली आणि कमोडशेजारी भिंतीत धरायला दांडा बसवला. औषधांचा डबा, चष्मा, पाण्याचा तांब्या, रेडिओ या वस्तू खोक्यात गेल्याच नाहीत. नातीने त्या पिशवीत घालून हातातून नेल्या. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात आजींना दोनदा संध्याकाळी फ्लॅटवर नेऊन बसवलं, चहा केला. गॅसची जोडणी दोन सिलिंडरची होती. त्यातलं एक आणि एक लहान शेगडी आधीच तिकडे गेली होती. झडप बंद करून, टोपी लावून, सिलिंडर उभंच नेलं. पाडव्याला दोन पिंपं भरून पाणीही तिथे ठेवलं. या दोन पिंपांचं महत्त्व पुढे कळलं.

काय न्यायचं, काय नाही

पन्नास वर्षांचं सामान दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघरात मावणार नव्हतं. पितळी घागरी, हंडे, पराती, तांब्याचा बंब, जातं, उखळ, पाटा-वरवंटा, पत्र्याच्या कोठ्या, माळ्यावरच्या गाद्या. मुलगा म्हणाला, वापरात नाही ते काढून टाकू. आजींच्या लेखी वापरात नसलेलं असं काही नव्हतंच.

मधला मार्ग निघाला तो नव्या घराच्या मापांवरून. नातवाने टेप घेऊन लिफ्टचं दार, जिन्याचा वळणावरचा कट्टा आणि प्रत्येक भिंत मोजली आणि जमिनीचा नकाशा काढला. कागदाचे तुकडे कापून त्यावर कपाट, पलंग, कोठी ठेवून बघता यायला लागलं. मग ‘नको’ म्हणणारा मुलगा राहिला नाही, वस्तू मावते का नाही हे आजींनाच दिसायला लागलं. बंब त्यांनी स्वतः भाचीला दिला, तिच्याकडे शेतावर तो पेटतो. जातं खाली पार्किंगपाशी ठेवायची सोसायटीने परवानगी दिली. उखळ मात्र आलं, कारण शेंगाची चटणी कुटलेलीच हवी, यावर घरात दुमत नव्हतं. सागवानी कपाट लिफ्टमध्ये जात नव्हतं आणि जिन्याच्या वळणावरही अडत होतं. सुताराकडून त्याची वरची कमान आधीच उतरवून घेतली. माप घेतलं नसतं तर हे हमालांच्या खांद्यावर कपाट असताना कळलं असतं.

इथेच एक गोष्ट हातून निसटली. एका दुपारी आजी देवळात गेलेल्या असताना मुलाने भंगारवाल्याला बोलावून अंगणातलं गंजकं सामान एकरकमी देऊन टाकलं. त्यात खिळे-बिजागऱ्यांचा एक डबा होता आणि डब्यात आजोबांचा अडकित्ता. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बघितलं, पण माल पुढे गेला होता. आजी ओरडल्या नाहीत, पण त्यानंतर आठवडाभर त्यांनी कुठल्याही वस्तूबद्दल ‘द्या’ म्हटलं नाही आणि आवराआवर थांबली. घाईत वाचवलेली एक दुपार अशी आठवड्याला महाग पडली.

बांधाबांध

पॅकर्सचा विचार झाला होता. घर बघून लेखी अंदाज देणाऱ्या एकांनी सांगितलेली रक्कम टेम्पो आणि हमालांच्या खर्चाच्या जवळपास तिप्पट होती. दुसऱ्या एकांनी घर न बघताच फोनवर स्वस्त आकडा सांगितला आणि आगाऊ रक्कम मागितली, त्यांना तिथेच नकार दिला. दूरच्या गावी जायचं असतं तर मीही पॅकर्सच सुचवले असते, पण सामानाच्या विम्यात काय येतं आणि काय नाही ते कागदावर घेऊन. इथे अंतर पाच-सहा किलोमीटरचं होतं. पेठेच्या बोळात मोठा टेम्पो शिरत नव्हता, कोपऱ्यापर्यंत सामान वाहून न्यावं लागलं असतं. म्हणून छोटा हत्ती ठरवला. तो थेट दारापर्यंत येतो, फेऱ्या जास्त होतात पण हमालांची पायपीट वाचते. मुकादमाशी बोलणी फेऱ्यांवर न करता पूर्ण कामावर केली आणि मजला चौथा आहे हे आधीच स्पष्ट सांगितलं.

सोलापूरकराच्या घरात बांधणीचं सामान विकत आणायची गरज कमी पडते. घरात चादरी होत्याच. कारखान्यातून वर्षानुवर्षं आलेल्या, जाड विणीच्या. टीव्ही, आरसे, कपाटाचे कोपरे, देवघराची चौकट, सगळं चादरींत गुंडाळून सुतळीने बांधलं. टॉवेल बरण्यांमध्ये आणि बरण्यांभोवती. काचेच्या बशांना मात्र चादर पुरत नाही. जाड कापड घासण्यापासून वाचवतं, पण एका जागी बसलेला धक्का तसाच आत जातो. बशा एकेक करून कागदात गुंडाळल्या, उभ्या रचल्या आणि खाली-वर चुरगळलेल्या कागदाचा जाड थर दिला. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या भांड्यांना लागते, म्हणून आतला कागद कोरा घेतला.

पुस्तकं लहान खोक्यांत, उशा-रजया मोठ्या खोक्यांत. कोरडी केलेली पाण्याची पिंपं कपड्यांनी भरली. पलंग सोडवण्याआधी नातीने जोडांचे फोटो काढले आणि बोल्ट कापडी पिशवीत घालून पिशवी त्याच पलंगाच्या फळीला बांधली. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवला, आतून पुसला आणि हमालांना तो उभाच न्यायला बजावलं. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. तरी जिन्यात एकदा आडवा झालाच. म्हणून नव्या घरात उभा करून तो रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी चालू केला. काही बिघडलं नाही.

दागिने, घराचे कागद, शाळेचे दाखले, बँकेची पुस्तकं सुनेच्या एका पिशवीत होती आणि ती पिशवी तिच्या स्कूटरवरून गेली.

पाण्याची पाळी चुकली तेव्हा

पाडवा ठरल्याप्रमाणे झाला. दुसऱ्या दिवशी जुळे सोलापूरला पाणी यायचं होतं, ते आलं नाही. पाळी पुढे ढकलली गेली होती, किती ते कुणी सांगू शकत नव्हतं. टेम्पो आणि हमाल उद्या सकाळचे ठरलेले.

सगळं पुढे ढकलावं, टँकर मागवावा की अर्धं न्यावं? मुलाला पुढे ढकलायचं होतं. पण हमाल परत केव्हा मिळतील याची खात्री नव्हती आणि आजी-नात तर तिकडे पोचल्या होत्या. टँकर मिळण्यासारखा होता, पण सोसायटीची टाकी सामाईक. एका घरापुरतं पाणी त्यात घालता येत नाही.

सून म्हणाली, ‘फर्निचर आणि खोकी जाऊ द्या. स्वयंपाकघर मी पाणी आल्याशिवाय हलवणार नाही.’ पेठेतला हौद भरलेला होता. तेव्हा स्वयंपाक जुन्या घरी, डबे नव्या घरी. पाडव्याला भरलेल्या दोन पिंपांवर आजी आणि नातीचं प्यायचं, तोंड धुण्याचं भागलं. मोठ्या आंघोळी जुन्या घरी झाल्या. हमाल सकाळी साडेसहाला आले आणि ऊन चढायच्या आत पहिल्या तीन फेऱ्या झाल्या. दुपारचे तीन तास थांबून संध्याकाळी उरलेल्या.

पाणी दुसऱ्या रात्री आलं. त्यानंतरच्या सकाळी स्वयंपाकघर हललं: शेवटचं सिलिंडर, मिक्सर, डबे, उखळ. हौदातल्या उरलेल्या पाण्याने सुनेने जुन्या घराच्या फरशा धुतल्या.

निकाल

मोडतोड फार थोडी झाली, एक बरणीचं झाकण आणि आरशाचा एक कोपरा. आजी पहिल्या दोन रात्री नातीला उठवून न्हाणीघरात गेल्या, तिसऱ्या रात्रीपासून दिव्याच्या उजेडात एकट्या. पडल्या नाहीत, आणि घरातल्या सगळ्यांना सगळ्यात मोठी भीती होती ती याचीच. नातवाची परीक्षा नीट पार पडली, रोजच्या रिक्षाचा खर्च मात्र धरलाच नव्हता.

कागदपत्रांचं काम महिनाभर रेंगाळलं. आधारवरचा पत्ता घरबसल्या बदलता आला. मतदार यादीसाठी आठ नंबरचा अर्ज भरला. गॅसची जोडणी नव्या भागातल्या वितरकाकडे वर्ग करून घेतली, शहर तेच असल्याने सिलिंडर परत करावी लागली नाहीत. जुन्या घराच्या वीजमीटरचं शेवटचं रीडिंग फोटो काढून ठेवलं, ते पुढे बिलाच्या वेळी उपयोगी पडलं.

पुन्हा करायचं झालं तर

भंगार विकण्याआधी सगळं आठ दिवस अंगणाच्या एका कोपऱ्यात मांडून ठेवावं आणि घरातल्या प्रत्येकाने त्यावरून एकदा नजर फिरवावी. डबे उघडून, पिशव्या उलट्या करून. विशेषतः जिच्या हातून ते घर चाललं तिने. हे इथे झालं असतं तर अडकित्ता राहिला असता आणि तो आठवडाही वाया गेला नसता.

खोक्यांवर नावं वरच्या बाजूला लिहिली होती. एकावर एक रचल्यावर ती दिसेनात आणि चहाची गाळणी सापडायला दोन दिवस लागले. दोन बाजूंना लिहावं, आणि नुसतं ‘स्वयंपाकघर’ न लिहिता आत काय आहे तेही.

आधीच्या दोन पाळ्यांवरून पाण्याचा अंदाज बांधणं कमी पडलं. चार-पाच पाळ्या बघितल्या असत्या तर एखादा दिवस मागे-पुढे होतो हे आधीच दिसलं असतं आणि स्वयंपाकघर वेगळ्या दिवशी हलवायचं हे सुरुवातीलाच ठरवता आलं असतं. तेव्हा ते ऐनवेळी, सुनेच्या ठामपणामुळे झालं.

ज्वारीचा निर्णय अर्धाच बरोबर ठरला. पोती थेट नव्या घरी आली, दुहेरी ओझं वाचलं. पण ज्वारी वाळवायला माळवदावर ऊन हवं तेवढं मिळायचं, इथे गच्चीला कुलूप. सोसायटीची परवानगी मिळेपर्यंत पोती हॉलमध्ये उभी होती. गच्ची केव्हा आणि कशासाठी वापरता येते, हे फ्लॅटचा ताबा घेतानाच विचारायला हवं होतं. वाळवणाचे दिवस त्यात निघून गेले आणि त्या वर्षीच्या कुरडया भाचीच्या शेतावर, बंबाशेजारी वाळल्या.